मायोर्का बेटावरचं सोयेर एका दिवसात कसं बघायचं, खास नाशिककरांसाठी

स्पेनला जायचं, बार्सिलोना, माद्रिद आणि मधे कुठेतरी मायोर्का बेट, असा प्लॅन हल्ली कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बऱ्याच घरांत शिजतोय आणि मायोर्का म्हटलं की सगळे जण बीचवर बसून परत येतात. माझं मनापासून म्हणणं आहे की तिथला एक पूर्ण दिवस सोयेर या डोंगरातल्या गावासाठी काढून ठेवा. आणि तुम्ही दिंडोरी, निफाड, पिंपळगाव साइडचे असाल, घरी द्राक्षाची बाग असेल, तर मग बीच एखादा कमी झाला तरी चालेल पण हे गाव सोडू नका.

आधी गाव काय आहे ते सांगतो. मायोर्काच्या उत्तर-पश्चिम बाजूला त्रामुंताना नावाची डोंगररांग समुद्राला अगदी खेटून जाते, तिच्यात एक मोठा वाटीसारखा खोलगट भाग आहे आणि त्यात हे सोयेर, लोकवस्ती साधारण चौदा हजार. गाव स्वतः फार उंचावर नाही पण चारी बाजूंनी डोंगर, त्यातला पुइग मायोर हा बेटावरचा सगळ्यात उंच, १४०० मीटरच्या वर. खाली संत्रा-लिंबाच्या बागा, त्याच्या वर ऑलिव्हची झाडं, आणि डोंगरउतार पूर्ण दगडी बांध घालून पायऱ्या पायऱ्यांनी लावलेला. ही पूर्ण डोंगररांग २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि ती नुसती सुंदर दिसते म्हणून नाही गेली, शेकडो वर्षं लोकांनी तिथे जी शेती उभी केली, पाणी खेळवलं, त्यासाठी गेली. म्हणून म्हणतो, शेतीतल्या माणसाला इथे जे दिसेल ते नुसता फोटो काढणाऱ्याला दिसणार नाही.

गावाची गोष्ट माहीत असेल तर फिरताना मजा वेगळीच येते. सोयेर आणि बेटाची राजधानी पाल्मा यांच्यात तीसेक किलोमीटरचंच अंतर, पण मधे डोंगर आडवा, पूर्वी खिंडीतून खेचरांवर माल न्यायचा म्हणजे अख्खा दिवस जायचा. उलट समुद्राने फ्रान्सचा दक्षिण किनारा सोयीचा पडायचा. त्यामुळे १९व्या शतकात इथली संत्री जहाजात भरून थेट मार्सेय, तुलाँ अशा फ्रान्सच्या बंदरांत विकायला जायची आणि गावात चांगला पैसा आला. मग १८६० च्या दशकात संत्र्यावर रोग पडला, बागा बसल्या, आणि लोक घरदार सोडून फ्रान्सला गेले, कोणी त्याच्याही पुढे क्युबा, पोर्तो रिको. बऱ्याच जणांनी फ्रान्समध्ये फळांचीच दुकानं टाकली. एका निर्यातीच्या पिकावर उभं राहिलेलं गाव आणि एका रोगाने आडवं झालेलं, हे द्राक्षवाल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यातले काही पैसे कमावून परत आले आणि त्यांनी जे बंगले बांधले, बँक उभी केली, रेल्वे आणली, ते सगळं आज तुम्ही बघायला जाता.

आता तयारी. शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर १५ दिवसांच्या भरवशावर अजिबात राहू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही, दिवाळी झाली की लगेच कागदपत्रं जमवायला लागा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, हे बरेच जण विसरतात. ट्रॅव्हल इन्शुरन्स ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेलाच पाहिजे. मुंबईहून युरोपातल्या एखाद्या शहरात उतरायचं आणि तिथून पाल्माचं विमान पकडायचं. बार्सिलोनाहून ते तासाभराच्या आतलं काम आहे, आणि रात्रीची फेरीबोटही आहे, झोपून सकाळी बेटावर. मुक्काम पाल्मात ठेवा, शक्यतो प्लासा दे एस्पान्या या चौकाच्या आसपास, कारण सोयेरची जुनी रेल्वे आणि सगळ्या बस तिथूनच सुटतात, आपलं सीबीएस जवळ असावं तसं.

कधी जायचं, तर मे आणि जून उत्तम, एप्रिलपण छान कारण तेव्हा संत्र्याला फुलं असतात आणि पूर्ण खोऱ्यात वास सुटलेला असतो. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आणि दमटपणा तर आहेच पण गर्दी इतकी की छोट्या गल्लीत चालवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर छत्री ठेवा, आपला पाऊस संपलेला असतो तेव्हा तिकडचा सुरू झालेला असतो. हिवाळ्यात झाडं संत्र्यांनी लगडलेली असतात आणि गाव शांत असतं, पण जुन्या रेल्वेच्या फेऱ्या कमी होतात, मधे काही दिवस बंदही असते, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी रेल्वेच्या वेबसाइटवर वेळापत्रक बघाच.

मे महिन्यात जात असाल तर अजून एक सांगतो. मेच्या साधारण दुसऱ्या सोमवारी सोयेरमध्ये फिरो नावाचा उत्सव असतो. ११ मे १५६१ ला समुद्री चाच्यांनी गावावर हल्ला केला होता आणि गावकऱ्यांनी तो परतवला, ती पूर्ण लढाई दरवर्षी बंदरावर आणि चौकात परत खेळतात, बंदुकांचे बार, धूर, अर्धं गाव काळं तोंड रंगवून हल्लेखोर झालेलं आणि अर्धं शेतकऱ्याच्या वेशात. त्यात काँ तामनी नावाच्या घरातल्या दोन बहिणींना फार मान आहे, घरात शिरलेल्या चाच्यांना त्यांनी दाराच्या अडसरानेच लोळवलं अशी गोष्ट. तो उत्सव बघायचा असेल तर खास तोच दिवस धरून जा, पण शांतपणे गाव आणि बागा बघायच्या असतील तर त्या दिवशी मुळीच जाऊ नका, ट्राम-बस सगळंच विस्कळीत असतं. दोन्ही एका दिवसात होत नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. माझी शिफारस अशी की जाताना जुन्या रेल्वेने जायचं आणि येताना बसने यायचं. बरेच जण रेल्वेचं रिटर्न तिकीट काढतात, कारण वन-वे तिकीट रिटर्नच्या निम्म्याहून बरंच महाग पडतं आणि हिशोब केला की रिटर्न स्वस्त वाटतं. तरी मी वन-वेच म्हणेन, कारण परतीची बस ज्या रस्त्याने येते तो रस्ता बघितला नाही तर अर्धी त्रामुंताना बघायचीच राहिली.

सकाळची जी पहिली गाडी असेल ती घ्या, तिकीट ऑनलाइन आधी काढून ठेवा नाहीतर खिडकीवर लाइन असते. दुपारकडच्या गाड्यांना टूरवाल्यांचे मोठे मोठे ग्रुप असतात. स्टेशन छोटंसं आहे, मोठ्या बस-रेल्वे स्टेशनच्या शेजारीच पण वेगळं, त्यामुळे घाईत चुकीच्या दारात शिरू नका. ही गाडी १६ एप्रिल १९१२ ला सुरू झाली, लाकडी डबे, पितळी दिवे, खिडकीची काच खाली सरकवता येते. रूळ तीन फुटी म्हणजे ९१४ मिलिमीटरचे. आधी वाफेवर चालायची, १९२९ ला विजेवर आली आणि तीच जुनी इंजिनं अजून ओढतात. एकूण २७ किलोमीटर, त्यात १३ बोगदे, वेळ तासभर. पहिला अर्धा तास सपाट आहे, बदामाची आणि ऑलिव्हची झाडं, मधे बुन्योला स्टेशन, तोपर्यंत लोक कंटाळून मोबाईल काढतात. मोबाईल ठेवून द्या कारण त्यानंतर सगळ्यात मोठा बोगदा येतो, जवळपास तीन किलोमीटरचा, आत गारवा आणि अंधार, आणि बाहेर पडल्यावर गाडी डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत उतरायला लागते आणि खाली पूर्ण सोयेरचं खोरं पसरलेलं दिसतं. हे दृश्य खाली उतरताना जसं अंगावर येतं तसं परतीच्या गाडीत येत नाही, जाताना रेल्वे म्हणण्याचं हे खरं कारण.

या रेल्वेची अजून एक गंमतशीर माहिती म्हणजे सरकारी अनुदान मिळवायला लाइन ३० किलोमीटरच्या वर असायला हवी होती आणि पाल्मा-सोयेर तेवढं भरत नव्हतं, मग सोयेरपासून बंदरापर्यंत पाचेक किलोमीटरची ट्राम जोडली आणि अंतर भरून काढलं. १९१३ ला ती ट्राम सुरू झाली आणि आज दुपारी तुम्ही तिच्यातच बसणार आहात.

सोयेरला उतरल्यावर सगळी गर्दी सरळ चौकाकडे पळते. तुम्ही थांबा. स्टेशनची इमारत म्हणजे १७व्या शतकातलं एक तटबंदीचं घर आहे आणि त्यात पिकासोच्या मातीच्या कलाकृती आणि मिरोची चित्रं ठेवलीत, फुकट बघता येतात, पंधरा-वीस मिनिटं पुरतात आणि तेवढ्यात चौक रिकामा होतो. मिरोच्या आईचं घराणं मायोर्काचंच, त्यामुळे तो इथे उगाच आणून बसवलेला नाही.

मग चौक. सांत बार्तोमेउ चर्चचा दर्शनी भाग आणि शेजारची सोयेर बँकेची इमारत, दोन्ही जोआन रुबिओ या आर्किटेक्टची कामं, हा गौदीचा शिष्य, बार्सिलोनाला सग्रादा फामिलिया बघून आलेला असाल तर हात ओळखू येईल. बँकेच्या खिडक्यांचं लोखंडी जाळीकाम जवळ जाऊन बघा, इमारत १९१२ ची म्हणजे रेल्वेच्याच वर्षाची, फ्रान्सहून आलेला पैसा कुठे गेला ते डोळ्यांनी दिसतं. शनिवार असेल तर आठवडे बाजार भरतो, संत्री, ऑलिव्ह, बदाम, चीज, सगळं असतं आणि गर्दीही तेवढीच. चौकात एक कॉफी आणि एक ताज्या संत्र्याचा ज्यूस घ्या आणि उठा, तासन्‌तास बसून राहिलात तर पुढचं खरं काम राहतं. घरांच्या आतली सजावट बघायची हौस असेल तर काँ प्रुनेरा नावाचा जुना बंगला म्युझियम केलाय, तोही त्याच पैशातून २०व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला, नसेल हौस तर सोडला तरी चालेल.

खरं काम म्हणजे फोर्नालुचपर्यंत चालत जाणं. सोयेरहून आधी बिनियाराइश नावाची छोटी वाडी लागते आणि पुढे फोर्नालुच, रमतगमत एक तास, चढ हलका आहे पण काही ठिकाणी दगडी पायऱ्या आहेत. स्पोर्ट्स शूज घाला, चप्पल नको. पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. रस्ता बागांच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती आणि पलीकडे संत्री. भिंतीतले दगड नीट बघा, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेत. त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं, भिंतीमागे दाब साठत नाही आणि भिंत फुगत नाही. ही बांधायची कला २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेली, स्पेन आणि युरोपातल्या इतर काही देशांची मिळून. आमच्यासोबत दिंडोरीचे काका होते, ते एका भिंतीपाशी बसलेच, कोपऱ्याचा दगड कसा लावलाय, मागे बारीक खडी कशी भरलीय, सगळं बघत राहिले, काकू म्हणाल्या अहो चला आता, पण त्यांना तिथून उठवणं अवघड झालं होतं आणि मला वाटतं गावात त्या दिवशी सगळ्यात जास्त त्यांनीच बघितलं.

पाण्याचे पाट शोधा. अरबांच्या काळापासून इथे डोंगरातले झरे पाटाने उतरवून, हौदात साठवून, बागांना पाळीपाळीने द्यायची पद्धत आहे. बागलाणात मोसम नदीवर ज्यांनी फड बागायत पाहिलीय, बंधारा, पाट, पाटकरी आणि ज्याची त्याची पाळी, त्यांना हे बघताक्षणी कळेल. बिनियाराइशच्या वेशीपाशी कपडे धुवायचा जुना सार्वजनिक हौद अजून आहे, वाहत्या पाण्याचा, तिथे सावलीत दोन मिनिटं टेका. इथूनच वर डोंगरात एक दगडी पायवाट चढते, ल्युक नावाच्या मठाकडे जाणारा जुना यात्रेचा रस्ता. ब्रह्मगिरी, हरिहर चढणाऱ्यांचे पाय तिकडे वळतील पण एका दिवसाच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही, थोडं वर जाऊन मागे वळून खोरं बघा आणि परत या.

फोर्नालुच म्हणजे दगडी घरं, दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या, हिरव्या खिडक्या आणि कुंड्या. इथे मान वर करून चाला, कारण जुन्या घरांच्या वळचणीला जी कौलं बाहेर आलीत त्यांच्या खालच्या बाजूला लाल रंगात चित्रं काढलेली आहेत, फुलं, प्राणी, माणसं, काही काही शेकडो वर्षांपूर्वीची. समोर बघून चालणाऱ्याला ती दिसतच नाहीत. आजी-आजोबा बरोबर असतील किंवा गुडघे दुखत असतील तर सोयेरहून फोर्नालुचला टॅक्सी करा, छोटी बसही आहे पण फेऱ्या कमी, मग परत येताना उतार आहे तेव्हा जमेल तेवढं चालता येतं.

एक विनंती या टप्प्यावर. फांदी भिंतीवरून रस्त्यावर आली असली तरी संत्रं तोडू नका, बागेत शिरू नका, लोकांच्या दारात उभं राहून मोठ्याने हाका मारू नका. आपल्या बागेत कोणी गाडी थांबवून घड तोडला तर कसं वाटतं ते आपल्याला माहितीय. २०२४ च्या उन्हाळ्यात पाल्मात हजारो स्थानिक लोक अतिपर्यटनाच्या विरोधात रस्त्यावर उतरले होते, घरभाडी परवडेनाशी झालीत, रस्ते भरलेले, त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे. शक्य तिथे गावातल्याच दुकानातून, गावातल्याच बागेचं काही घ्या, आणि भेटल्यावर ‘बोन दिया’ म्हणा, ही तिथली सकाळची रामराम, लोक लगेच हसून बोलतात.

जेवणाचं नीट सांगतो कारण शाकाहारी माणसाची इथेच फसगत होते. एन्साइमादा नावाची गोल वेटोळी गोड पेस्ट्री प्रत्येक दुकानात दिसते, वर पिठीसाखर, मुलं मागतातच, पण ती पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत करतात. तीच चरबी कोका नावाच्या भाज्या घातलेल्या चपट्या ब्रेडच्या पिठातही असू शकते. विचारायचं असेल तर ‘सिन मांतेका’ असं विचारा, आणि लक्षात ठेवा की मांतेका म्हणजे चरबी आणि मांतेकिया म्हणजे लोणी, दोन्ही सारखंच ऐकू येतं. दुसरी गोष्ट, मेन्यूवर ‘वेखेताल’ लिहिलेलं सँडविच मागवलं तर त्यात बऱ्याचदा ट्यूना मासा आणि अंडं येतं, त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेवो’ असं तिन्ही वेगवेगळं सांगा. जैन असाल तर ‘सिन आखो, सिन सेबोया’ म्हणजे लसूण-कांदा नको.

निर्धास्त खाण्यासारखं काय, तर पा अंब ओली. जाड ब्रेडवर पिकलेला टोमॅटो चोळतात, वरून ऑलिव्ह तेल आणि मीठ, सोबत चीज आणि ऑलिव्ह. मागवताना हॅम नको म्हणून सांगायचं कारण नाहीतर ते येतंच. इतकी साधी गोष्ट पण तिथलं तेल इतकं चांगलं आहे की दुसरी प्लेट मागवाल. दुसरं तुंबेत, बटाटा, वांगं, ढोबळी मिरची तळून थरावर थर आणि वर टोमॅटोचा सॉस, गरम गरम, आपल्या जिभेला एकदम जवळचं. सामिष खाणाऱ्यांसाठी सोयेरची लाल कोळंबी प्रसिद्ध आहे, महाग आहे पण बंदरावर उतरलेली ताजी असते. आणि गावात संत्र्याचं सोर्बे मिळतं, ते खाल्ल्याशिवाय ट्राममध्ये चढू नका. बॅगेत नाशिकचा चिवडा असतोच आपल्या, तो परतीच्या बससाठी ठेवा. जेवणाची वेळ तिकडे दीड ते साडेतीन, साडेबाराला हॉटेलात जाऊन बसलात तर किचन उघडलेलं नसतं. आणि छोटी दुकानं दुपारी दीडच्या आसपास बंद होतात ती थेट साडेचार-पाचला उघडतात, म्हणून तेल, संत्र्याचा मुरंबा वगैरे काही घ्यायचं असेल तर फोर्नालुचला जायच्या आधीच घेऊन टाका. तेलाचा छोटा पत्र्याचा डबा घ्या, काचेची बाटली नको, आणि विमानात तो चेक-इन बॅगेतच जाईल हे लक्षात ठेवा.

जेवण झालं की ट्राम. स्टेशनच्या बाजूनेच सुटते, चौकातल्या कॅफेच्या खुर्च्यांना घासून जाते असं वाटतं आणि मग लोकांच्या परसबागांतून, लिंबा-संत्र्यांच्या झाडांखालून समुद्राकडे निघते. उघडा डबा मिळाला तर तोच पकडा आणि मुलांचे हात आत ठेवा, झाडं फार जवळून जातात. अंतराच्या मानाने तिकीट महाग आहे, बसने त्याच्या कितीतरी कमी पैशात जाता येतं, पण ट्राम एकदा घ्यावीच, पुढची फेरी बसने करा.

पोर्त दे सोयेर म्हणजे घोड्याच्या नालेसारखं गोल बंदर, दोन टोकांना दोन दीपगृहं. पाणी शांत असतं त्यामुळे लहान मुलांना डुंबायला चांगलं, टॉवेल आणि कपड्यांचा जोड सकाळीच बॅगेत टाका. पोहायचं नसेल आणि पायात दम असेल तर काप ग्रोस दीपगृहाकडे चढून जा, अर्धा-पाऊण तास, रस्ता डांबरी आहे, वरून बंदर आणि मागे पूर्ण त्रामुंताना एका नजरेत येते. १५६१ चे चाचे याच समुद्रातून आले होते. दुकानं, हॉटेलं भरपूर आहेत पण त्यात वेळ घालवण्यासारखं फार काही नाही.

परतीला २०३ नंबरची बस. ही बंदरावरूनच सुटते आणि सोयेर, देया, वायदेमोसा करत पाल्माला जाते. बंदरावरच चढा, सोयेरला चढायला गेलात तर सिझनमध्ये उभं राहावं लागतं किंवा बस भरली म्हणून थांबतच नाही. उजव्या बाजूची खिडकी पकडा, कारण समुद्र उजवीकडे आहे, डोंगर उतरत उतरत सरळ पाण्यात गेलेला आणि उतारावर तीच बांध घातलेली ऑलिव्हची शेती. संध्याकाळचं ऊन या बाजूला येतं. देयामध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज बरीच वर्षं राहिला आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलंय, वायदेमोसाच्या मठात १८३८-३९ चा हिवाळा संगीतकार शोपाँ आणि लेखिका जॉर्ज सांद यांनी काढला. दोन्ही गावं बसमधूनच बघा. त्यांच्यासाठी उतरायचा मोह होईल पण मग पुढच्या बसमध्ये जागा मिळेलच असं नाही आणि दिवसाचा गोंधळ होतो, वायदेमोसाला वेगळी सकाळ द्या. तसंच रेल्वे, ट्राम, बोट, बस आणि तीन गावं एका दिवसात दाखवणाऱ्या बेटाच्या टूर मिळतात, त्यात सोयेरला जेमतेम चौकात फोटो काढण्याइतका वेळ मिळतो, बागा तर दिसतच नाहीत, म्हणून मी त्या कोणालाही सुचवत नाही.

भाड्याच्या गाडीबद्दल बरेच जण विचारतात. कसारा घाट, सापुतारा घाट चालवणाऱ्याला वळणांची भीती नाही हे मान्य, पण तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडून, रस्ता अरुंद, कडेला दगडी भिंत, समोरून मोठी बस आणि मधे सायकलवाल्यांचे घोळके. वर सोयेर-फोर्नालुचला पार्किंग मिळणं कठीण. पाल्माहून डोंगराखालून तीनेक किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा आहे, १९९७ पासून, आता टोलही नाही, त्यामुळे पोचणं सोपं झालंय, पण चालवणाऱ्याला खोरं बघताच येत नाही. एका दिवसासाठी गाडी नकोच.

बसचे पैसे कॉन्टॅक्टलेस कार्डने द्या, रोखीपेक्षा स्वस्त पडतं, फॉरेक्स कार्डवर टॅप सुरू आहे ना ते नाशिकमध्येच बँकेकडून करून घ्या. चढताना टॅप करायचं आणि उतरतानाही टॅप करायचं, उतरताना विसरलात तर पूर्ण लांबचं भाडं कापलं जातं. शेवटच्या बसची वेळ सिझनप्रमाणे बदलते, आदल्या रात्री टीआयबीच्या, म्हणजे बेटावरच्या सार्वजनिक बससेवेच्या, साइटवर बघून ठेवा आणि शेवटच्या बसच्या आधीची बस हीच आपली बस असं धरून चाला. २०३ चुकली किंवा भरून गेली तर २०४ आहे, ती बोगद्यातून सरळ पाल्माला जाते, समुद्र दिसत नाही पण तासाभराच्या आत प्लासा दे एस्पान्याला सोडते.